फार्मसीच्या मुलांना पूर्वग्रहांविषयी शिकवायचं तर सुरुवात काऊंटरवरून करा

प्रश्न असा आहे: ‘मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका डी.फार्म. (औषधनिर्माणशास्त्राची पदविका) कॉलेजात नव्याने शिकवायला लागले आहे. सोशल फार्मसीच्या तासांत नकळत होणारे पूर्वग्रह आणि सांस्कृतिक नम्रता (म्हणजे समोरच्याच्या संस्कृतीबद्दल आधीच न ठरवता त्यालाच विचारून समजून घेणं) हा विषय घ्या, असं मला सांगितलंय. हाताशी आलेलं सगळं साहित्य अमेरिकेतल्या वंशभेदावर आहे. आमची मुलं म्हणतात, मॅडम, आपल्याकडे कोणी जात-धर्म बघून गोळ्या देत नाही. मग शिकवायचं काय आणि कसं? आणि मार्क कशावर द्यायचे?’

मुलांचं ते वाक्य खोडून काढू नका. ती मनापासून बोलतायत. पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही मेडिकलवर उभ्या राहा, ‘तुला औषध देत नाही’ असं कोणी कोणाला म्हणताना दिसणार नाही. पैसे दिले की पाकीट मिळतं. फरक दिसतो तो पाकिटाबरोबर काय मिळतं त्यात. कोणाला गोळीचं नाव सांगितलं जातं, कोणाला नाही. कोणाला ‘आणखी काही विचारायचंय का?’ असं विचारलं जातं, आणि कोणाचं बोलणं संपायच्या आत नजर पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते. हा फरक करणाऱ्याला आपण तो करतोय हे कळतच नाही. त्यामुळे व्याख्यान देऊन तो दाखवता येत नाही. मुलांना तो स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्यावा लागतो.

मी तालुक्याच्या गावात मेडिकल चालवत आले आहे आणि बरीच वर्षं बाजूच्या कॉलेजात शिकवायलाही जाते. पहिल्या तासाला मी फळ्यावर काहीच लिहीत नाही. त्याआधीच्या आठवड्यात मुलांना दोघादोघांच्या जोडीने एखाद्या मेडिकलवर संध्याकाळी दोन तास उभं करते, मालकाची परवानगी घेऊन. काम एवढंच की बोलायचं नाही, फक्त टिपायचं. पेशंटचं नाव, आजार, यातलं काही लिहायचं नाही. गिऱ्हाइकाला काय म्हणून हाक मारली? औषध कसं घ्यायचं ते तोंडाने सांगितलं की नुसत्या पाकिटावर रेघोट्या मारल्या? त्याने काही विचारलं का, आणि उत्तर मिळालं का? गोळ्या पूर्ण स्ट्रिपमध्ये दिल्या की कापून? आणि शेवटी माणूस साधारण कोण वाटला: नोकरदार, मच्छीवाली, शाळेतला मुलगा, परगावचा मजूर. हा ‘वाटला’ शब्द महत्त्वाचा, कारण खरं काय ते टिपणाऱ्याला माहीत नसतं. काऊंटरमागच्यालाही माहीत नसतं. तो वाटण्यावरच वागतो.

मग वर्गात सगळ्यांच्या वह्या एकत्र मांडायच्या. मी काही बोलायच्या आधीच मुलं बोलायला लागतात. इस्त्रीच्या शर्टातल्या माणसाला ‘सर, जेवणानंतर घ्या, पित्त होईल नाहीतर’, आणि बंदरावरून आलेल्या खलाशाला ‘दोन टाईम’. बस्स, दोन टाईम. कशाच्या आधी, कशाच्या नंतर, किती दिवस, काही नाही.

कापलेल्या स्ट्रिपवर तर अख्खा एक तास घालवा, इतका तो मुद्दा मोलाचा आहे. मुलांना एक स्ट्रिप आणि कात्री द्या आणि चार गोळ्या कापायला सांगा. मग विचारा, कापलेल्या तुकड्यावर औषधाचं नाव पूर्ण वाचता येतंय का? बॅच नंबर? एक्सपायरी? बऱ्याच स्ट्रिपवर ही माहिती एकाच टोकाला छापलेली असते आणि ते टोक दुकानात राहतं. चार गोळ्या कोण घेतं? ज्याच्या खिशात तेवढेच पैसे आहेत तो. म्हणजे ज्याला वाचायला आधीच अडचण आहे, जो उद्या दुसऱ्या दवाखान्यात गेला तर ‘काय घेतलंस?’ याचं उत्तर देऊ शकणार नाही, त्याच्याच हातात बिननावाची गोळी जाते. कोणाच्याही मनात द्वेष नाही, आणि तरी तोटा कायम एकाच प्रकारच्या माणसाला. उपायही साधा आहे. कापलेल्या गोळ्या कागदी पाकिटात घालायच्या आणि त्यावर नाव, ताकद, एक्सपायरी आणि कधी घ्यायची हे लिहायचं. आपल्याकडे जात-धर्म बघत नाहीत म्हणणारी मुलं हा धडा झाल्यावर आपणहून म्हणतात की आम्ही हे कधी पाहिलंच नव्हतं. तिथून पुढे विषय सोपा जातो.

आता तुमच्या हाताशी असलेल्या परदेशी साहित्याचं. ते टाकून देऊ नका, पण ज्या देशाचं आहे त्या देशाचंच म्हणून शिकवा. दोन गोष्टी त्यातून जरूर घ्या.

पहिली २०१६ सालची. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना काही विधानं दिली होती, उदाहरणार्थ काळ्या माणसांची कातडी जाड असते. साफ खोटी विधानं. जवळजवळ निम्म्यांनी त्यातलं किमान एक तरी खरं मानलं, आणि ज्यांनी मानलं त्यांनी काळ्या पेशंटच्या वेदना कमी धरल्या व उपचारही कमी अचूक सुचवले. हे शिकलेले लोक होते. यानंतर मुलांना आपल्याकडची वाक्यं लिहायला सांगा, घरी, नाक्यावर, दुकानात ऐकलेली. ‘कष्टकऱ्यांना दुखणं सहन होतं.’ ‘आदिवासींना औषध लगेच लागू पडतं, अर्ध्या डोसात भागतं.’ ‘बायका जरा जास्तच कण्हतात.’ ‘भैये लोक अर्धाच कोर्स घेतात.’ चिठ्ठ्यांवर नाव न घालता लिहून घ्या आणि एकेक वाचून फक्त एवढंच विचारा: याला औषधशास्त्रात आधार काय? डोस वजनावर ठरतो, वयावर, किडनी-लिव्हरच्या कामावर, सोबतच्या औषधांवर ठरतो. वाडीवर ठरत नाही. फार्मसी शिकणाऱ्या मुलांना हे लगेच पटतं.

दुसरी गोष्ट १९९८ सालची. ‘सांस्कृतिक नम्रता’ ही कल्पना मेलनी टर्व्हालॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन डॉक्टरांनी त्या वर्षी एका लेखात मांडली. लेखात ऑपरेशन झालेल्या एका लॅटिनो बाईचा प्रसंग आहे. तिची काळजी घेणारी नर्स आफ्रिकन-अमेरिकन. तपासायला आलेला लॅटिनो डॉक्टर म्हणाला, या बाईला बरंच दुखतंय असं दिसतं. नर्सने ते झटकून टाकलं. तिने आंतरसांस्कृतिक वैद्यकाचा अभ्यासक्रम केला होता आणि त्यात शिकवलं होतं की हे लोक दुखणं वाढवून सांगतात. म्हणजे पूर्वग्रह घालवण्यासाठी दिलेल्या शिक्षणातूनच नवा पूर्वग्रह तयार झाला, वर त्याला सर्टिफिकेटही मिळालं.

हा प्रसंग मी दरवर्षी सांगते, कारण आपल्या कॉलेजांत हा विषय बिघडतो तो नेमका इथेच. उत्साहाने तक्ते केले जातात: कोळी समाजाच्या आरोग्यसवयी, मुस्लिम समाजाच्या श्रद्धा, कातकरी समाजाच्या समजुती. मुलं ते पाठ करतात, पाच मार्क मिळवतात, आणि काऊंटरवर माणूस आला की त्याच्याकडे न बघता तक्त्याकडे बघतात. असे तक्ते करू नका, एवढंच मी कळकळीने सांगेन. समाजाची माहिती हवीच, पण ती समोरच्याला कोणता प्रश्न विचारावा हे सुचण्यापुरती. उत्तर त्याच्याकडूनच घ्यायचं.

रमजानचं उदाहरण घ्या, कारण आपल्या किनाऱ्यावर ते दरवर्षी समोर येतं. एकाच मोहल्ल्यातल्या मधुमेह असलेल्या दोन बायका. एक सगळे रोजे धरते आणि ग्लिमेपिराइड घेते. दुसरी इन्सुलिनवर आहे, तिने डॉक्टरांच्या सांगण्यावरून रोजे सोडलेत, पण चारचौघांत ते बोलायला तिला संकोच वाटतो. तक्ता शिकलेला मुलगा दोघींना सारखंच सांगेल. नीट शिकलेला मुलगा आवाज खाली ठेवून विचारेल, ‘या वर्षी रोजे धरायचा विचार आहे का? सेहरी किती वाजता होते?’ नुसत्या मेटफॉर्मिनने साखर एकदम खाली जाण्याचा धोका कमी असतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड आणि इन्सुलिन यांत तो बराच असतो. डोस बदलायचा तो डॉक्टरांनी, आणि तेही रमजानच्या दीड-दोन महिने आधी बोलून. काऊंटरवरच्या माणसाने एवढी आठवण करून दिली, आणि साखर ७० च्या खाली गेली तर रोजा सोडायचाच हे डॉक्टरांनी सांगितलंय ना, याची खात्री केली, तरी मोठं काम झालं.

मात्र हा तास इथे संपवू नका. लगेच विचारा, हाच प्रश्न तुम्ही स्वतःच्या आत्याला विचारता का? आषाढी एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस. ग्लिमेपिराइड घेऊन कडक उपास करणाऱ्या बाईची साखर तशीच खाली येते, आणि साबुदाण्याची खिचडी नि रताळी खाल्ली तर वर जाते. पण हिंदू घरातल्या मुलांना हा प्रश्न सुचतच नाही. उपास म्हणजे घरातली रोजची गोष्ट, आणि रोजा म्हणजे ‘त्यांची संस्कृती’. माझ्या मते सांस्कृतिक नम्रतेचं खरं शिक्षण या जागी होतं, आपल्यालाही संस्कृती आहे आणि तिचा औषधाशी संबंध येतो हे दिसल्यावर. मी तर म्हणते की ‘उपास-तापास, रोजा काही आहे का?’ हा प्रश्न मधुमेहाचं औषध नेणाऱ्या प्रत्येकाला, सरसकट विचारावा.

सरसकट विचारण्यावर माझा भर आहे, कारण पूर्वग्रह घाईत आणि मर्जीवर सोडलेल्या जागेत शिरतो. संध्याकाळी सातची वेळ, दवाखाना नुकताच सुटलेला, समोर दहा माणसं. अशा वेळी कोणाशी किती बोलायचं हे मन आपोआप ठरवतं, आणि ठरवताना चेहरा, कपडे, भाषा हेच वापरतं. तेव्हा ठरवण्याचं कामच मनाकडून काढून घ्या. अमेरिकेत तिथल्या मूळ रहिवाशांसाठी असलेल्या इंडियन हेल्थ सर्व्हिसच्या फार्मासिस्टांनी तीन प्रश्नांची पद्धत रुळवली आहे: हे औषध कशासाठी आहे असं डॉक्टरांनी सांगितलं? कसं घ्यायला सांगितलं? घेतल्यावर काय होईल असं सांगितलं? पेशंटला जे माहीत आहे ते पुन्हा सांगायचं नाही, जे राहिलंय तेवढंच भरायचं. यात वेळ कमी लागतो. खलाशी असो, सरपंच असो, प्रश्न तेच. मुलांकडून हे तीन प्रश्न घटवून घ्या, पाढ्यांसारखे.

इम्प्लिसिट असोसिएशन टेस्ट घ्यावी का, असं तुमच्यासारखे बरेच जण विचारतात. संगणकावर चित्रं-शब्द झटपट जुळवायला लावून मनातले संबंध मोजणारी ही चाचणी अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडली. वर्गात चर्चा सुरू करायला हरकत नाही. पण तिच्या गुणांवरून कोणा मुलावर शिक्का मारू नका. तोच माणूस पुन्हा बसला तर गुण बदलतात, आणि २०१९ मध्ये ४९२ अभ्यासांचं जे एकत्रित विश्लेषण झालं त्यात चाचणीतले गुण हलले म्हणून वागणूकही बदलते असं दिसलं नाही. मी म्हणूनच मन मोजायच्या भानगडीत पडत नाही, वागणं बघते.

वागणं बघायचं तर प्रसंग करून घ्यावे लागतात. आपल्या भागातले काही सांगते.

पहिला पावसाळ्यातला. जुलै महिना, लावणी जोरात. एक मजूर येतो, डोळे लालभडक, चाल अडखळती, अंगाला चिखलाचा वास. म्हणतो, ‘अंग लय दुखतंय, ताप हाय, गोळी द्या.’ हे पात्र ज्याला द्याल त्याला लाल डोळे आणि अडखळणं नीट करायला सांगा, आणि काऊंटरवरच्या मुलाला आधी काही सांगू नका. बहुतेक वेळा मनात पहिलं येतं ते ‘सकाळीच लावून आलाय’. मग डायक्लोफेनॅकच्या दोन गोळ्या कापून हातात, आणि पुढचा कोण? आता मुलांना लेप्टोस्पायरोसिसची लक्षणं उघडून वाचायला लावा. एकदम चढलेला ताप, अंगदुखी, पोटऱ्या दाबल्या तर जीव जाईल असं दुखणं, आणि डोळे लाल पण चिपडं नाहीत. तो अडखळतो कारण पोटऱ्या दुखतायत. उंदरा-गुरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, चिखलातून पायाच्या जखमांवाटे हा आजार शिरतो, म्हणजे ज्याला होण्याची शक्यता जास्त तोच माणूस दारुडा वाटण्याची शक्यताही जास्त. लेप्टो किडनीवर जातो, आणि डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक अशा किडनीला आणखी अपाय करू शकतं. लवकर गाठलं तर डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिनसारख्या साध्या औषधाने माणूस वाचतो. काऊंटरवरच्या मुलाने चार प्रश्न विचारायचे होते: ताप कधीपासून, शेतात-चिखलात काम करतोस का, पोटऱ्या दुखतात का, लघवी नीट होते का. आणि त्याला आजच्या आज प्राथमिक आरोग्य केंद्रात धाडायचं होतं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत पावसाळ्यात हा आजार नवा नाही. या एका प्रसंगातून मुलांना जे कळतं ते दहा व्याख्यानांतून कळत नाही, म्हणून यावर वेळ घालवा. प्रसंग झाल्यावर काऊंटरवरच्या मुलाला लाज वाटेल असं काही बोलू नका. त्याच्या जागी वर्गातलं कोणीही तसंच वागलं असतं, हे सगळ्यांसमोर सांगा.

दुसरा प्रसंग गणपतीतला. कणकवलीकडचं घर, चाकरमानी मुलगा मुंबईहून आलाय, आईला घेऊन मेडिकलवर आला. चिठ्ठीवर संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट. विद्यार्थी मुलाशी बोलतो, प्रमाण मराठीत, भराभर. मुलगा मान हलवतो. आई बाजूला उभी. गौरी-गणपती झाले की मुलगा गाडीत बसणार, आणि गोळ्या खाणार आई. मेथोट्रेक्सेट या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, चुकून रोज घेतलं तर जीवावर बेततं. इथे विद्यार्थ्याने कोणाचा अपमान केलेला नाही. फक्त शिकलेला दिसला त्याच्याशी बोलला, आणि म्हाताऱ्या बाईला काय कळणार हे गृहीत धरलं. बोलायला हवं होतं तिच्याशी: ‘आजी, ही गोळी रोज खावची नाय. आयतवारी एकदाच.’ आणि मग, ‘आता माका सांगा बघया, ही गोळी कधी घेवची?’ तिने तिच्या शब्दांत बरोबर सांगितलं की काम झालं. ज्या मुलांना मालवणी येते ती वर्गात बोलायला लाजतात, कारण शाळेत त्यांना ‘शुद्ध बोल’ म्हणून दटावलेलं असतं. त्यांना पुढे आणा. ज्यांना येत नाही त्यांनी ओढूनताणून बोलू नये, ते चेष्टेसारखं वाटतं. सावकाश, साध्या मराठीत बोलावं.

तिसरा प्रसंग करून घ्यायला बरेच शिक्षक कचरतात, पण टाळू नका. वीस-बावीस वर्षांची मुलगी दुपारच्या शांत वेळी येते आणि हळूच तातडीची गर्भनिरोधक गोळी मागते. लेव्होनॉरजेस्ट्रेल दीड मिलिग्रॅमची ही गोळी भारतात चिठ्ठीशिवाय देता येते. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची, जितक्या लवकर तितकी चांगली. गळ्यात मंगळसूत्र आहे का, हे बघायचं काही कारण नाही, पण नजर जाते. ती गेली की पुढचं सगळं बिघडतं: आवाज वाढतो, पाकीट काळ्या पिशवीत आदळलं जातं, आणि विचारायला हवे होते ते प्रश्न राहून जातात. ते असे: फिटची औषधं, म्हणजे फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन, चालू आहेत का? टीबीचं रिफॅम्पिसिन चालू आहे का? ही औषधं गोळीचा परिणाम कमी करतात. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. पाळी आठवडाभर लांबली तर तपासणी करायची. तोंड वेंगाडणारा फार्मासिस्ट यातलं काही सांगत नाही, आणि ती मुलगीही तिथे थांबत नाही. मुलांना आपली नैतिक मतं बदला असं सांगायची गरज नाही. ती मतं घरी ठेवून औषधाची माहिती पूर्ण द्या, एवढं मागा.

कातकरी वाडीतल्या टीबीच्या पेशंटबद्दल थोडक्यात सांगते. ‘हे लोक कोर्स पूर्ण करत नाहीत’ हे वाक्य तुम्हाला रायगडात पावलोपावली ऐकू येईल. पावसाळा संपला की कुटुंबं वीटभट्टीवर, कोळसा पाडायला दुसऱ्या जिल्ह्यांत जातात, आणि टीबीचा उपचार निदान सहा महिन्यांचा. माणसाने औषध सोडलं, की औषध मिळायची जागाच मागे राहिली, हे विचारल्याशिवाय कळत नाही. निक्षय या सरकारच्या टीबी नोंदणी प्रणालीतला क्रमांक असला तर उपचार दुसऱ्या गावी, दुसऱ्या राज्यातही चालू ठेवता येतात, हे मुलांना माहीत हवं आणि त्यांनी ते जाण्याआधी सांगायला हवं. ‘गोळ्या का नाही घेतल्या?’ असं विचारलं की माणूस गप्प होतो. ‘बऱ्याच जणांच्या एखाद-दोन गोळ्या राहतात, तुमच्या किती राहिल्या?’ असं विचारलं की खरं सांगतो. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बोटींवरचे परप्रांतीय खलाशी, आंब्याच्या बागांतले नेपाळी राखणदार यांनाही हेच लागू. ते समुद्रावर किंवा बागेत असतात तेव्हा मेडिकल उघडं असतं आणि ते मोकळे होतात तेव्हा बंद.

आणखी एक बाजू मुलांच्या लक्षात आणून द्या. पूर्वग्रह ओळखीच्या, प्रतिष्ठित माणसाच्या बाजूनेही काम करतो, आणि त्याचंही त्यात नुकसान होतं. अल्प्राझोलाम ही घबराटीवर, झोपेसाठी दिली जाणारी गोळी शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे कडक नियम असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, विक्रीची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये करायची आणि ती तीन वर्षं जपायची. मजुराने मागितलं तर मुलगा बरोबर चिठ्ठी मागतो. निवृत्त गुरुजींनी मागितलं तर ‘सर आहेत, देऊन टाक’. गुरुजींना त्या गोळीची सवय लागलीय, रात्री उठताना ते पडतात, हे विचारायचं कोणी?

वर्गातल्या वातावरणाबद्दल काही गोष्टी पक्क्या ठरवा. वर्गात एकच मुस्लिम मुलगी असेल तर तिच्याकडे वळून ‘तुमच्यात कसं असतं सांग’ असं म्हणू नका. कातकरी किंवा बौद्ध वाडीतून आलेल्या मुलाला त्याच्या समाजाचा प्रतिनिधी करू नका. तो फार्मसी शिकायला आलाय. कोणाला आपला पूर्वग्रह उभं राहून कबूल करायला लावू नका. त्यातून चांगला अभिनय करणाऱ्याचं कौतुक होतं आणि बाकीची मनं बंद होतात. बोलवायचंच तर बाहेरून बोलवा: आशाताई, बंदरावर मासे विकणारी बाई, वीटभट्टीवर जाऊन आलेलं जोडपं. त्यांना खुर्चीवर बसवा, ‘अहो’ म्हणा, आणि पाहुण्या व्याख्यात्याला देता तेवढंच मानधन त्यांनाही द्या. टर्व्हालॉन आणि मरे-गार्सियांच्या लेखातही स्वतःकडे आयुष्यभर बघत राहण्याबरोबर सत्तेचा असमतोल दूर करणं आणि संस्थेनेही उत्तरदायी असणं सांगितलंय. मुलांना नम्रता शिकवायची आणि कॉलेजच्या शिपायाला एकेरीत हाक मारायची, हे मुलं बरोबर टिपतात.

कायद्याचा भाग एका तासात होतो. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा, अंमल १० सप्टेंबर २०१८ पासून. त्यात एचआयव्ही असलेल्यांशी भेदभाव करायला मनाई आहे आणि त्यांच्याबाबत गोपनीयता बंधनकारक आहे. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स २०१५ मध्ये पेशंटला समुपदेशन करणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलेलं आहे. काऊंटरवरून ‘खाजेचं मलम कोणाचं?’ असं ओरडणं का चूक, तेही याच तासात सांगा.

आता मार्क. निबंध लिहायला सांगू नका, सगळे सुंदर लिहितात. एकच चिठ्ठी घ्या, समजा अमॉक्सिसिलिन आणि पॅरासिटामॉलची, आणि दोन पात्रं तयार करा, एक शाळेतली बाई आणि एक बोटीवरचा खलाशी. एकाच विद्यार्थ्यासमोर दोघं वेगवेगळ्या दिवशी येतील, मध्ये इतर प्रसंग होतील. तुम्ही दोन्ही वेळा तेच बघायचं: आदराने हाक मारली का, ॲलर्जी विचारली का, तीन प्रश्न विचारले का, पाकिटावर लिहिलं का, उलट सांगून घेतलं का. मार्क द्यायचे ते दोन भेटींमधल्या फरकावर. दोन्हीकडे तीन गोष्टी केल्या तर त्या मुलाला, एकीकडे पाच आणि दुसरीकडे एक करणाऱ्यापेक्षा, जास्त मार्क द्या. कमी पडलेल्या गोष्टी सरावाने येतात. तफावत मात्र कोणीतरी दाखवल्याशिवाय दिसत नाही, म्हणून कागद त्याच्याच हातात द्या, एकट्याला बोलावून.

दोन तासांची टिपणं आणि ही परीक्षा पहिल्या वर्षी उरकली की दुसऱ्या वर्षी कम्युनिटी फार्मसीच्या तासांना यातलेच प्रसंग पुन्हा घ्या. पुढे मुलं ५०० तासांच्या प्रशिक्षणाला जातील तेव्हा तीच वही त्यांच्या खिशात द्या, या वेळी स्वतःच्या वागण्याची नोंद करायला. ज्या मेडिकलवर पाठवताय त्या मालकाशी आधी बोलून घ्या. कोरी कागदी पाकिटं आणि एक पेन काऊंटरवर ठेवायला बहुतेक मालक तयार होतात, कारण पाकिटावर नीट लिहिलेलं असलं की तेच विचारायला गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही, हे त्यांनाही माहीत असतं.